माझ्या दिवाणाच्या फळ्या, त्यांचा चौरंग

मैत्रिणींनो, आज चतुर्थीच्या आरतीला शेजारच्या कुंदाताईंकडे गेले होते. त्यांनी मोबाइलवर बघून बघून गणपतीसाठी घरीच चौरंग केलाय. सगळ्या म्हणत होत्या, "क्या बात है ताई, अगदी बाजारातला वाटतो."

नमस्कार करताना मी हळूच कोपरा दाबून पाहिला. बाप्पा क्षमा करो, पण डुगडुगला असता तर मला बरं वाटलं असतं. जरासुद्धा हलला नाही.

वर कुंदाताई हसून म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याच जुन्या दिवाणाच्या फळ्या आहेत. होळीत टाकायला दिल्या होत्या ना तुम्ही?"

मी प्रसाद तसाच रुमालात बांधून घेतला. आमचा बाप्पा अजून प्लास्टिकच्या स्टुलावर बसतो.

निघताना त्यांच्या गॅलरीत आणखी दोन फळ्या दिसल्या. त्या परत मागितल्या, आणि सोबत करवतही, तर बरं दिसेल का?