माळवदावरची माती

कुणाच्याही घरी गेल्या की पार्वतम्मा आधी वर बघत, मग बसत. गल्लीतून जाताना जुन्या भिंतींवर बोटाच्या पेराने टकटक करत. पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढून शेवटी खात. हसताना कन्नड बोलत, भांडताना मराठी. नको म्हणायचं असलं की गप्प राहत. त्या गप्प झाल्या की त्यांच्या धाकट्या दिराला, बसवराजला, घाम फुटे.

भवानी पेठेतलं घर या दीर-भावजयीचं होतं. दगडामातीच्या जाड भिंती, सागाच्या तुळया आणि वर मातीचं सपाट छप्पर, म्हणजे माळवद. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मधल्या खोलीची तुळई वाकली आणि करकरू लागली. बसवराजने धावपळ करून सिमेंटचं परमिट आणलं.

"वैनी, पाडू आणि स्लॅब टाकू. तुळई गेली."

पार्वतम्मा गप्प.

"बोला की काहीतरी! लोक परमिटसाठी चपला झिजवतात."

"तुळई गेली हे तू खालून बघून ठरवलंस. वर कोण चढलं?"

त्या स्वतःच कुदळ घेऊन वर चढल्या. खड्डा घेतला. हात कोपरापर्यंत आत गेला तरी माती संपेना.

पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती घालायची, ही घराची रीत. नवी नवरी असताना सासूने त्यांच्या हातात पाटी दिली होती. घर जपायचं तर दरसाल माती घालायची. जुनी कुणी काढायची नाही. दुष्काळात माळवदाला भेगा पडल्या, पाऊस परतला तेव्हा घर गळलं, तर पार्वतम्मांनी दुप्पट घातली. गल्लीत सगळ्यांनीच घातली.

त्या खाली आल्या तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"बसवराज, तुळई वाकली नाही रे, आपण वाकवली. जपून जपून."

"मग आता?"

"ओझं उतरवू. हस्ताचा पाऊस होईपर्यंत थांब. खोलीत एक थेंब पडला तर पाड घर."

"आणि घरच अंगावर पडलं तर?"

"तुझं परमिट आहेच की मग!"

माळवदाच्या कामात हात बसलेल्या निंगप्पाला त्यांनी बोलावलं. खड्ड्यात वाकून तो म्हणाला, "अक्का, हितं ज्वारी पेरली तर कणसं येतील की!"

तुळईला खालून टेकू दिले. मग माती निघू लागली. वरचा थर पार्वतम्मांचा. त्याखालचा राखेच्या रंगाचा, सासूचा. तिथं निंगप्पाची कुदळ थबकली.

"काढ," पार्वतम्मा म्हणाल्या. "त्यापण हेच म्हणाल्या असत्या. जरा भांडून."

कुंभारी गावच्या एका शेतकऱ्याने सगळी माती गाडीत भरून शेताला नेली. समोरच्या माळवदावरून सोनाबाई ओरडल्या, "अगं, घालायची सोडून काढतीस? लोक हसतील की!"

"हसू दे. हसल्यानं तुळई वाकत न्हाय."

चाळलेली माती वीतभरच घातली. पन्हळीकडे उतार दिला. ती धोपटून धोपटून दगडासारखी केली. टेकू काढले. तुळई सरळ झाली नाही, पण करकर थांबली.

हस्ताचा पाऊस भर दुपारी कोसळला. पार्वतम्मांनी बसवराजचं ताट बरोबर वाकलेल्या तुळईखाली मांडलं.

"तिथंच बस."

तो वर बघत बघत जेवला. बाहेर पन्हळीतून पाण्याची धार गल्लीत पडत होती. खोलीत तुळई कोरडी, तुळयांवरच्या फळ्यांची किलचण कोरडी, ताटाभोवतीची फरशी कोरडी.

"वैनी," हात धुताना तो म्हणाला, "आमटीत मीठ कमी होतं."

"असेल. तू वरच बघत होतास, तुला आमटी तरी दिसली का?"

दुसऱ्या दिवशी त्याने परमिट परत केलं.

दिवाळीनंतर सोनाबाई स्वतः दारात आल्या. "हसले मी. आता आमचंबी बघ की."

संक्रांत होताच पार्वतम्मा समोरच्या माळवदावर चढल्या. त्यानंतर आणखी दोन घरं करायची, हेही निंगप्पाला सांगून ठेवलं. काम जोरात चाललं होतं. एका दुपारी त्या पाणी प्यायला खाली उतरल्या, सोनाबाईंच्या ओसरीवर टेकल्या आणि बसल्या जागी गेल्या. तांब्या हातात होता.

सोनाबाईंच्या माळवदाची पूर्वेकडची माती उतरली होती. पश्चिमेकडची अजून तशीच होती.