चौकशीत न सापडलेली सून

‘सदर नावाची कोणीही महिला दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.’ चौकशीच्या रिपोर्टमध्ये एवढं एकच वाक्य होतं. ती महिला माझ्या ऑफिसात, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली होती.

मी छत्रपती संभाजीनगरात वकिली करते. नागरिकत्वाच्या केसेस आमच्याकडे क्वचितच येतात. मारिसेल मूळची फिलिपाइन्सची. मस्कतला नर्स होती. तिथे एसी दुरुस्तीचं काम करणाऱ्या संतोषशी सूत जुळलं आणि लग्न करून ती फुलंब्रीजवळच्या त्याच्या गावी नांदायला आली. पार रुळली. तिची मराठी ऐकायला तहसीलमधले क्लार्क चहा सोडून यायचे.

भारतीयाशी लग्न केलं म्हणून नागरिकत्व आपोआप मिळत नाही. सात वर्षं इथे राहावं लागतं, त्यातलं अर्जाआधीचं वर्ष सलग. मग ऑनलाइन अर्ज. मग अर्जदार खरंच त्या पत्त्यावर राहतो का, ते बघायला पोलिस येतो.

नेमकं त्या सलग वर्षात तिकडे तिच्या आईचं डायलिसिस सुरू झालं. ती नर्स, त्याचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता.

“मॅडम, जाऊन येऊ का? लई दिवस नाय राहणार.”

“वर्ष मोडेल. पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल.”

सल्ला कायद्याने बरोबर होता. ती थांबली. अर्ज गेल्यावर तिने पुन्हा विचारलं. चौकशीला माणूस कधीही येईल, तू घरी सापडायला हवीस, असं मी म्हणाले. ती पुन्हा थांबली. आईशी व्हिडिओ कॉलवर बोलायची.

माणूस आला तेव्हा ती घरीच होती, मागे गोठ्यात. पुढे ओट्यावर सासू लसूण सोलत बसली होती. शिपायाच्या चिठ्ठीवर फक्त पासपोर्टवरचं नाव. अर्जात मी ‘उर्फ वैशाली’ लिहिलं होतं, ते चिठ्ठीवर उतरलंच नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात, तसं गावी आल्यावर वैशाली लिहिलं गेलं. सासूनेच हौसेनं निवडलेलं. तेव्हापासून अख्खं गाव तिला वैशालीच म्हणत होतं. संतोषसुद्धा.

“म्या म्हणलं, नाय बा, असली कुणी नाय इथं,” सासू मला सांगत होती. “पोलिस दारात, अन् नाव हे असलं. मला काय म्हाईत आपल्या वैशालीचं हाय?”

शेजाऱ्यांनीही तेच सांगितलं. कुणीच खोटं बोललं नव्हतं.

मी मारिसेलला घेऊन पोलिसांच्या कचेरीत गेले.

“साहेब, ही बघा. समोर उभी आहे.”

“दिसतंय मला, मॅडम. पण रिपोर्ट वर गेला, फाइल क्लोज झाली. फ्रेश अर्ज टाका.”

“चूक तुमच्या चिठ्ठीची आहे.”

“असेल. पण आता काही होत नाही.”

राग गिळून मी बाहेर आले. जिन्यात मारिसेलनं विचारलं, “मॅडम, म्हंजे आता जाऊ का आईकडं?”

जा म्हणाले. तिकीट निघायच्या आधी आई गेली. मग मारिसेल गेलीच नाही. जाऊन कुणाला भेटायचं, म्हणाली.

नवा अर्ज भरायला दोघी सासवा-सुना आल्या. जीपमध्ये सासू वाटभर ‘मारिशेल, मारिशेल’ घोकत आली होती.

“आता कुणीबी येऊ द्या, बाई. सगळ्या गल्लीकडून पाठ करून घेतलंय.”

नागरिकत्वासाठी येणाऱ्या प्रत्येक अशिलाला आता मी कागद बघायच्या आधी एक प्रश्न विचारते: पासपोर्टवरच्या नावानं तुम्हाला हाक कोण मारतं? तो पहिल्यांदा विचारला मारिसेलला, त्याच दिवशी.

“आई मारायची,” ती म्हणाली आणि सही करायला पेन मागितलं.