तारेखालचा दोरा

बाहीला दोरा चिकटला की मी आता झटकत नाही, चिमटीत धरून बसतो.

बायको गेली, आणि घर आवरताना तिचा तंबोरा पुसायला घेतला. घोडीवर तारा टेकतात तिथं चार दोरे अडकलेले दिसले. कचरा समजून ओढून टाकले. मग तार छेडली, तर डबा वाजवल्यासारखा आवाज.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे नेला, तर तो हसला. “आजोबा, त्या दोऱ्यानंच तर तार गुंजते. इतकी वर्षं घरात ऐकलंत काय?”

ती गायला बसली की मी ओरडायचो, “झाली का तुझी भुणभुण?”

त्यानं नवे दोरे घातले. म्हणाला, दोरा केसभर सरकला तरी आवाज बसतो, रोज जागा शोधावी लागते. म्हणजे ती रोज शोधत होती. मी समोर चहा पीत होतो. जवळचं माणूस असंच, दोऱ्याएवढं. असतं तोवर दिसत नाही.

आता दिवसभर दोरा सरकवतो, तार छेडतो, उठतो, परत बसतो. काल शेजारीण खिडकीतून ओरडली, “काका, झाली का भुणभुण?”

म्हटलं, “अजून सुरूच झाली नाही, बाई.”