सेवंताबाईची दोन गाडगी

दिनांक ४ डिसेंबर १९७८, सोमवार. आकडा एकोणीस. हजर तिघे: सेवंताबाई, परदेशातल्या एका विद्यापीठाची ॲना नावाची विद्यार्थिनी, आणि मी. सेवंताबाईने छोट्या गाडग्यातले चिंचोके सुपात ओतले आणि मी ते दोनदा मोजले.

सेवंताबाई ढिवराची, घरी तलावातल्या मासळीचा धंदा. लाखांदूरकडच्या आमच्या गावची ती सुईण. बाळंतपण उरकून घरी आली की एक चिंचोका मोठ्या गाडग्यात टाकायची. मुलगी असेल तर आधी तो दगडावर एका बाजूने पांढरा होईपर्यंत घासायची. लेकरू गेलं की त्याचा चिंचोका छोट्या गाडग्यात जायचा. कोणता कोणाचा हे तिला पाठ होतं. सून घरात आली त्या वर्षापासूनची, म्हणजे सहा वर्षांची ही गिनती. "गिनतीत घेतलं त लेकरू हाय," ती म्हणायची, "नाही घेतलं त कोणाचंच नाही."

त्या हिवाळ्यात सहा परदेशी विद्यार्थी गावाची पाहणी करायला आमच्या शाळेच्या दोन खोल्यांत उतरले होते. कोणी डॉक्टरकी शिकणारा, कोणी इंजिनिअर, कोणी शेतीचा, ॲना नर्सिंगची. मी शाळामास्तर, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे. सेवंताबाई त्यांना घरोघर फिरवायची आणि मला विचारायची, "एक नाली मोजते, एक धान पायते, एक जीभ काढ म्हणते. हे सारे मिळून एकच काम करून राहिले का, मास्तर?"

सहा वर्षांत किती तान्ही मुलं गेली, हे ॲनाला हवं होतं. मी गावच्या नोंदवहीवरून नीट नक्कल करून आणली होती. पाच.

"पाच?" सेवंताबाई म्हणाली. "तुमची खुद्दची पोरगी कुठी लिवली, मास्तर?"

बारशाआधी गेलेलं मूल आमच्याकडे कोणी नोंदवत नसे. नावाच्या रकान्यात लिहायला नावच नसायचं. माझी पहिली मुलगी चार वर्षांपूर्वी आठव्या दिवशी गेली. वाण्याच्या बिलातला पैसाही तपासणारा मी, पण तिची नोंद केली नव्हती.

मग ते एकोणीस चिंचोके निघाले. सातव्या-आठव्या दिवशी जबडा मिटून, अंग ताठून किती गेली, असं ॲनाने विचारलं. सेवंताबाईने अकरा बाजूला काढले. त्यात माझी होती.

"नाळ कशाने कापता?"

सेवंताबाईने छपरात खोवलेला धान कापायचा इळा काढला, सवयीने पदराला पुसला आणि पुढे धरला. ॲना त्याच्याकडे बघत राहिली. मग हलक्या आवाजात बराच वेळ बोलली. मी सांगितलं, "ती म्हणते, नवं पातं उकळून घेत जा."

"बाई एवढी लंबी बोलली, अन् तुमी एवढूसंच काहून सांगता? मी अनपढ हाव, बहिरी नाही."

मग मी सगळं सांगितलं. इळ्याच्या पात्याबरोबर धनुर्वाताचं विष नाळेत जातं. ही अकरा त्यानेच गेली असावीत. सांगताना मी सुपाकडे बघत होतो, तिच्याकडे नाही. अकरा चिंचोके तिने एकेक करून गाडग्यात परत टाकले. इळा मात्र पुन्हा छपरात खोवला नाही.

घरी मी हे हिला, म्हणजे माझ्या पत्नीला, सांगितलं नाही. पुढच्या वर्षी हिचे दिवस भरले तेव्हा हिने सेवंताबाईलाच बोलावलं. मी विरोध केला नाही; कारण सांगावं लागलं असतं. मुलगा झाला, जगला.

विद्यार्थी दीड महिन्याने गेले. सेवंताबाईने त्यानंतर आठ वर्षं काम केलं. छोट्या गाडग्यात आणखी सहा चिंचोके पडले. जबडा मिटून गेलेलं त्यात एकही नव्हतं. मी कौतुक केलं की ती म्हणायची, "त्या अकरा जणायले सांगून या, मास्तर."

शेवटी ती तापाने अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेलो तेव्हा छोटं गाडगं उशाशी होतं. त्यातून एका बाजूने घासलेला एक चिंचोका तिने काढून दिला. "तुमची पोरगी. तुमच्या बाईले द्या."

चौथ्या दिवशी ती गेली. तिच्या मुलाने अस्थींबरोबर उरलेले चोवीस चिंचोके वैनगंगेत सोडले. त्या संध्याकाळी मी हिला सगळं सांगायला बसलो. इळ्यापर्यंत आलो आणि हिने मला थांबवलं.

"मले माहीत हाय. त्याच दिवशी येऊन सांगून गेली ते. पाय धरत होती माझे."

"आणि तरी तू तिलाच बोलावलंस?"

"सांगाले ते आली होती," ही म्हणाली. "तुमी नाही."

मी चिंचोका हिच्या हातात दिला.