संध्याताईंशी वन-व्ही-वन

संध्या लग्न होऊन सारसोळ्याहून नवी मुंबईतल्याच तळवलीत आली, तेव्हा सासरच्या जागेवर नुकतीच चार मजली बिल्डिंग उभी राहिली होती. काही वर्षांनी तिच्या नवऱ्याने, धर्मराज मढवीने, तळमजल्यावर गेमिंग कॅफे काढला. बारा कॉम्प्युटर, एसी, काचेचा दरवाजा. पुढे तो रेती-सिमेंटच्या धंद्यात गुंतला आणि गल्ल्यावर बसायचं काम आपोआप संध्याकडे आलं.

कॉलेजची पोरं दुपारनंतर यायची. सकाळी कॅफे रिकामाच. कुठला माऊस अडकतोय, कुठल्या हेडफोनचा एक कान गेलाय, हे बघायला संध्या रोज एकेका कॉम्प्युटरवर गेम लावायची. इंटरनेटवरून जोडलेल्या पाच-पाच जणांचे दोन संघ, हातात बंदुका, गल्लीबोळांतून एकमेकांना टिपायचं, असा तो गेम. तपासता तपासता ती खेळायला लागली आणि खेळता खेळता चांगली झाली. समोरचा भिंतीआडून कधी डोकावणार हे तिला क्षणभर आधी कळायचं. एकदा माईक चालू राहिला आणि बाईचा आवाज ऐकून पलीकडची पोरं नाही नाही ते बोलली. तेव्हापासून ती गप्प राहून खेळायची. अशी सात वर्षं गेली. घरात कुणाला पत्ता नव्हता, आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिलाही वाटत नव्हतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये एक मुलगी सकाळी यायला लागली. नाव ज्ञानेश्वरी, राहायला कोपरखैरण्याला. वडील मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. ती कोपऱ्यातला कॉम्प्युटर धरायची, दोन तास एकटीच नकली पुतळ्यांवर गोळ्या झाडायची आणि तोंड पाडून निघून जायची. पाचव्या दिवशी पैसे देताना तिने विचारलं, "ताई, इथं कुणी वन-व्ही-वन खेळणारं आहे का? चांगलं?"

"का गं?"

"कॉलेजच्या टीममध्ये आहे मी. टीम असली की जमतं. पन शेवटी एकास एक उरलं की हातच कापतात. आमची कॅप्टन म्हनते, महिन्याभरात सुधारलं नाही तर दुसरीला घेनार. मुलांना विचारलं तर ती नुसती मस्करी करतात."

संध्याने सुटे पैसे तिच्या हातात ठेवले. मग स्वतःलाच नवल वाटावं अशा आवाजात म्हणाली, "मी खेळते. बस."

आधी वीस डाव जिंकेल तो जिंकला, असं ठरलं. पहिल्या दिवशी वीस-एक झालं. तो एक डावही संध्या खोकत होती म्हणून गेला. ज्ञानेश्वरी स्क्रीनकडे बघतच राहिली. "ताई, तुमी कोन आहात?"

"कॅफेवाली," संध्या म्हणाली. "उद्या ये. अकराला."

अकरा ते एक ही त्यांची वेळ झाली. संध्याला शिकवायचा अनुभव नव्हता. जे दिसायचं ते ती सांगायची. "पळता पळता मारतेस तू. पाय थांबल्याशिवाय गोळी सरळ जात नाही." दुसऱ्या दिवशी वेगळं. "भिंतीआडून येताना तुझा निशाणा जमिनीकडे असतो. मी दिसले की वर उचलतेस, तेवढ्यात मेलेली असतेस. आधीच डोक्याच्या उंचीवर ठेवून ये." पोरगी हुशार होती, या गोष्टी आठवड्याभरात सुधारल्या. पण दुखणं वेगळंच होतं. लागोपाठ तीन डाव गेले की ती चिडायची आणि चौथ्याला तडक धावून यायची.

"चिडलीस की मला काही करावंच लागत नाही," संध्या म्हणाली. "मी नुसती वाट बघते. हरलीस की माऊस सोडायचा. दहा आकडे मोजायचे. मगच पुढचा डाव."

एक दिवस संध्याने वर घरात गॅसवर ठेवलेला भात करपला. सासूबाई, शेवंताबाई, हातातल्या कालथ्यासकट खाली उतरल्या. सून पोरीशेजारी बसून बंदुका उडवतेय हे बघून त्या दारातच थबकल्या. त्यांनी कालथा स्क्रीनकडे रोखला.

"ती निली हाय ती तू का गो?"

"हो, आई."

"आनि त्या लाल पोरीला मारतंस?"

"शिकवते तिला. तिची मॅच आहे."

शेवंताबाई खुर्ची ओढून बसल्या. तरुणपणी त्या मिठागरावर राबलेल्या, कॉम्प्युटरला कधी हात न लावलेल्या. चार डाव त्यांनी पाहिले. चारही संध्याने जिंकले. "तुला येतंय की बरा," एवढंच म्हणून त्या वर गेल्या. दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला पुन्हा खाली आल्या आणि गल्ल्यावर बसल्या. "जेवान झालाय माझा. तू खेल. मी हाय इथं."

संध्याच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. साड्या मिळाल्या, दागिने मिळाले. स्वतःचे दोन तास कुणी दिले नव्हते.

महिना झाला तेव्हा ज्ञानेश्वरी चौदा डावांपर्यंत पोचली होती, टीममध्येही टिकली होती. आता संध्याची पंचाईत झाली. हिला हरवत राहायचं तर स्वतःलाही वाढायला हवं. ती दहालाच खाली उतरून एकटी सराव करू लागली. मनगट दुखायचं, रात्री त्याला तेल चोळायची, धर्मराज विचारायचा, आणि ती हसून सांगायची, "मॅच आहे."

गणपती होऊन गेले आणि एके सकाळी वीस-अठरा झालं. ज्ञानेश्वरीचे वीस.

ती उठून नाचली नाही. हळूच म्हणाली, "ताई, मुद्दाम नाही ना सोडलंत?"

"एकही नाही."

मग मात्र पोरगी ओंजळीत तोंड घालून रडली. गल्ल्यावरून शेवंताबाईंनी विचारलं, "कोन हरला?"

"मी."

"मंग हसतंस कशाला?"

हरल्याचं संध्याला थोडं लागलं होतंच, खोटं कशाला? पण त्याहून मोठं काहीतरी आत भरून आलं होतं.

वाशीच्या हॉलमधली कॉलेजांची मॅच त्याच रविवारी होती. संध्या सासूबाईंना घेऊन गेली. पहिल्या सामन्यात बरोबरी झाली आणि निर्णायक डावात ज्ञानेश्वरीच्या चारही मैत्रिणी बाद झाल्या. समोर एक, इकडे ही एकटी. मागचा डाव तिच्याच चुकीने गेला होता. मोठ्या पडद्यावर तिचा चेहरा दिसत होता. ती एका भिंतीआड गेली आणि चक्क माऊस सोडून बसली. हॉलमधली पोरं ओरडायला लागली. संध्याचे ओठ हलत होते; ती आकडे मोजत होती. सातवर पलीकडच्या मुलीचा धीर सुटला, ती धावत आली. ज्ञानेश्वरीने माऊस धरला, एकच गोळी झाडली, आणि सामना संपला.

पुढचा सामना त्या हरल्या. पण पुण्याच्या एका टीमच्या माणसाने तिचा नंबर घेतला.

बाहेर एक गृहस्थ वाट बघत उभे होते, मार्केटातून थेट आलेले, खांद्यावर टॉवेल. ज्ञानेश्वरीचे आप्पा. त्यांनी हात जोडले. "ताई, मला ह्यातलं काय कळत न्हाई. पर पोरगी आता घरात हसती-बोलती. लई केलंत तुमी."

"आप्पा, माझंच काम केलं तुमच्या मुलीने," संध्या म्हणाली. "सात वर्षं मला काय येतं ते मलाच माहीत नव्हतं. तिने येऊन विचारलं म्हणून कळलं." तिने ज्ञानेश्वरीच्या पाठीवर हात ठेवला.

ज्ञानेश्वरी आता पुण्याला असते, त्या टीमकडून खेळते. तळवलीत अकरा ते एक आता तिची जुनी कॅप्टन गीतांजली आणि ऐरोलीच्या दोघी जणी येतात. गेल्या महिन्यात ज्ञानेश्वरी सुट्टीला घरी आली आणि आधी कॅफेत शिरली. दोघी समोरासमोर बसल्या. वीस-सहा झालं. संध्याचे सहा.

शेवटच्या डावात ती पोरगी भिंतीच्या डाव्या बाजूला दिसली होती आणि गोळी मात्र उजवीकडून आली. संध्याने हेडफोन काढले, खुर्ची तिच्या जवळ सरकवली आणि म्हणाली, "हे कसं केलंस गं? परत दाखव. सावकाश."