हरतालिकेच्या दिवशीचं पाणी

तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, त्या पावसाळ्यात गंगापूरहून येऊन आमच्याकडे राहिली होती. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता आणि रोज शेक, म्हणजे रेडिएशन, चालू होतं. डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "मध्ये खंड नको. सगळे उपचार आठ आठवड्यांच्या आत संपायला हवेत. दिवस लांबले की गाठीला पुन्हा वाढायला वाव मिळतो." तेव्हापासून रिक्षा जरा उशिरा आली तरी मी रस्त्यावर जाऊन उभी राहायची.

हरतालिकेच्या दिवशी हॉस्पिटलात ती शेकाच्या खोलीत गेली आणि लगेच बाहेर आली. मागोमाग मशीनवरच्या बाई आल्या. "आजी, पाणी नाही प्यायलात? लघवीची पिशवी भरलेली लागते, नाहीतर शेक आतड्यांना लागतो."

"आज उपास हाय. थेंब बी घेत नसते मी."

उद्या गणेश चतुर्थी, विभाग बंद. त्या सुट्टीची भरपाई शनिवारी ठरली होती. आजचा दिवसही गेला तर तो कुठं बसवायचा? बाई म्हणाल्या, शेवटचा पेशंट होईपर्यंत थांबते. मी बाटली पुढं केली. जावेनं तोंड फिरवलं.

"लग्न झाल्यापासून मोडला नाय, जाऊबाई."

भावजी बाकावर बसले होते. "कोणासाठी धरलाय हा उपास?"

"तुमच्यासाठीच की."

"मग पी. तू नसलीस तर म्हशीची धार मला काढावी लागंल. त्यानंच मरंन मी."

"बोलणं बघा ह्यांचं," ती मला म्हणाली. पण बाटली घेतली.

पिशवी भरायला वेळ लागतो. मी येरझारा घालत होते आणि दर फेरीला विचारत होते, "आता?"

"नाय अजून. तुम्ही बसा बरं, मलाच गरगरायला लागलं."

बाक रिकामे होत गेले. झाडणारी बाई आमच्या पायांपाशी आली, तेव्हा कुठं जाऊ उठली. "आता दम निघत नाय. चला आत."

दार लागलं. मला तरीही बसवेना. ती बाहेर आली ती थेट बाथरूमकडे पळाली आणि परतल्यावर पदराला हात पुसत म्हणाली, "मोडलाच हाय तर चहा तरी पाजा."

भावजींनी तीन कप आणले. माझा गार झाला. शनिवारी मशीन नक्की चालू असेल ना, हे विचारायला मी पुन्हा आत गेले होते.