आक्काचं पीच

मला स्वयंपाकातलं काही येत नाही, असं आमच्या घरातल्या सगळ्यांचं ठाम मत होतं, आणि ते चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. माझी भाकरी थापतानाच फाटायची. लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासूबाईंनी मला चुलीपुढं फारसं बसवलं नव्हतं. अशी मी उन्हाळ्यात माहेरी आलेली, आणि आक्का बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली, "पीच हीच करंल. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय." आईचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आक्का म्हणजे वडिलांची थोरली बहीण. घरातली लहानथोर सगळी तिला आक्काच म्हणत. दहाव्या वर्षी ती विधवा झाली. आजोबांनी नातेवाइकांचे टोमणे कानाआड केले आणि तिला शिकायला बेळगावात ठेवलं. शिकून ती तिथल्याच मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. शाळेची मुख्य एक विलायती मॅडम होती. लष्करी कँपातल्या तिच्या बंगल्यामागं पीचचं एक झाड होतं, आणि उन्हाळ्यात त्या फळांचा ती एक प्रकार करायची. खाली साखरेत घोळवलेल्या फोडी, वर मऊ पीठ, आणि सगळं भट्टीत भाजायचं. मॅडम त्याला कॉबलर म्हणायची. आक्कानं तो शिकून घेतला, त्यातलं अंडं काढलं, तूप घातलं आणि कोगनोळीजवळच्या आमच्या गावात आणला. आमच्या घरी कुठली आलीय भट्टी? तिनं कल्हईच्या पातेल्याखाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून काम भागवलं. दर सुट्टीत ती टोपलीभर पीच घेऊन यायची आणि आम्ही पोरं पातेल्याभोवती कोंडाळं करून बसायचो. आमच्या घरी त्याचं नाव कॉबलर राहिलंच नाही. ते आक्काचं पीच झालं.

पुढं तिची छाती अधू झाली, डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि नोकरी सोडून ती आमच्याकडंच राहायला आली. मग तिनं एकेक वस्तू सोडायला सुरुवात केली. आम्हा जैनांत हे नवं नाही. वय झालं की माणूस हळूहळू पानातलं कमी करत जातो. आधी तिनं मीठ सोडलं, मग तेल. त्या उन्हाळ्यात एक मुनिमहाराज गावात उतरले होते. ते पुढच्या गावाला निघायच्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी दर्शन घेऊन, त्यांच्यासमोर ती जन्मभरासाठी गोड आणि फळं सोडणार होती.

आठवडाभर आधी तिनं मला जवळ बोलावलं. "त्येच्या आदी एकदा पीच खावंसं वाटतंय बघ. हसू नगंस."

मी कशाला हसतेय? तिनं कधी काही खावंसं वाटतंय म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला रडायला आलं, आणि ते लपवायला मी उगीच म्हटलं, "मला जमणार न्हाय हं आक्का."

"मी सांगती न्हवं पडल्या पडल्या," ती म्हणाली.

मॅडमचं झाड केव्हाच गेलं होतं. कँपातल्या एका फळवाल्याकडं मात्र बंगळूरकडून रेल्वेनं पीच यायचे, कधी यायचे, कधी नाही. ते आल्याचा निरोप मिळाला तेव्हा मध्ये एकच दिवस उरला होता. वडील त्याच दुपारी बेळगावला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत ते परत यायला हवे होते. पण लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. त्यांची मोटार तवंदीच्या घाटात बसली ती बसलीच. मी दारात उभी, आई आत-बाहेर करतेय, आणि आक्का मात्र दर थोड्या वेळानं एवढंच विचारायची, "ऊन कुठवर आलंय गं?"

वडील आले तेव्हा तीन वाजून गेले होते. सूर्य मावळल्यावर आक्का पाण्याचा थेंबही घेत नसे. रात्रीचं उरलेलं सकाळी आमच्याकडं कुणीच खात नाही, आणि सकाळी तर तिला उपाशीच जायचं होतं. म्हणजे जे काही व्हायचं ते दिवस मावळायच्या आत व्हायला हवं होतं. मी अक्षरशः पळत सुटले. पीच उकळत्या पाण्यात बुडवून सोलले, फोडी केल्या. साखर रेशनवर, म्हणून गूळ किसून घातला, वर सुंठ-वेलची. कणकेत तूप, दूध आणि सोडा घालून कालवलं. आक्का बाजेवरून सांगत होती, "घट्ट नगं. पळीवरनं सावकाश पडाय पायजे." मी पळी उचलून दाखवायची आणि मग लक्षात यायचं, तिला दिसत नाही.

साडेचारला पातेलं निखाऱ्यांवर चढलं.

"आता झाकण उघडायचं न्हाय," ती म्हणाली. "वास सांगंल."

आणि मी उघडलं. एकदा नाही, तीनदा. मला धीर नव्हता, कधीच नव्हता. वरचे निखारे उतरवायचे, झाकण उचलायचं, आत पांढरं ते पांढरंच बघायचं, पुन्हा झाकायचं, पुन्हा फुंकायचं. दर वेळी आतली वाफ निघून जायची. आक्काला आवाजावरून कळत होतं, पण तिनं एका शब्दानं टोकलं नाही. टोकलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या उतावीळपणानं अर्धा तास तरी खाल्ला.

सहा वाजायच्या सुमाराला अखेर वास आला. गुळाचा, तुपाचा आणि त्या आंबटगोड फळाचा. आक्का उशीवरून उठून बसली. "झालं," ती म्हणाली. "काढ." मी पातेलं उतरवलं. वरचा थर तांबूस फुगला होता, कडेनं रस उकळून वर आला होता. अगदी तिच्यासारखं झालं होतं. माझ्या हातून, माझ्यासारखीच्या हातून! मी ताटलीत वाढायला घेतलं आणि घरात अंधारून आलं.

वळवाचं आभाळ होतं. पश्चिमेकडून काळं भरून आलं, वारा सुटला, खिडक्या आपटायला लागल्या. आक्का खाण्यापिण्याच्या बाबतीत घड्याळ मानत नसे. तळहाताच्या रेषा दिसत नाहीशा झाल्या की जेवण बंद, हा तिचा नियम. स्वतःला दिसत नसल्यापासून ती दुसऱ्याला बघायला लावायची.

"अजून तासभर हाय आक्का," वडील घड्याळाकडं बोट करत म्हणाले. "नुसतं आभाळ आलंय ते."

तिनं हात पुढं केला, माझ्यापुढं. "तू बघ गं. दिसत्यात का?"

मी बघितलं. हात दिसत होता, रेषा दिसत नव्हत्या. मी डोळे ताणले. खिडकीकडं वळवून बघितलं. ती वाट बघत होती, आणि मी जे सांगेन तेच ती मानणार होती. व्हय म्हटलं असतं तर तिनं खाल्लं असतं. पण तिचं आयुष्यभराचं व्रत माझ्या जिभेवर ठेवलेलं, आणि माझी जीभ काही वळेना.

"न्हाय दिसत," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. पाणी मागितलं, चूळ भरली, हात जोडले, आणि उद्या सकाळपर्यंतचा नियम घेतला. एवढं झालं की मग काहीही होवो, तोंड बंद.

पाव तास गेला असेल नसेल. एक थेंब न पडता वाऱ्यानं आभाळ कोल्हापूरकडं ढकलून नेलं आणि लख्ख ऊन पडलं. पिवळंधमक ऊन, सगळ्या बाजेवर, सगळ्या चुलीवर. घरात कुणी कुणाकडं बघेना. मला त्या उन्हाचा इतका राग आला की ताटली भिरकावून द्यावीशी वाटली. पण राग धरून करणार काय? आक्काच्या गालाला ऊब लागली असणार. ती हसली. "पडलं व्हय ऊन? आसू दे. तुमी खावा. तू आदी खा, आणि मला सांग कसं झालंय."

मी एक घास घेतला. तसं पीच मी त्यानंतर कधी खाल्लं नाही. आणि मला वाटलं, हे इतकं चांगलं झालंय असं तिला सांगितलं तर तिला किती लागेल! मी म्हणाले, "बरं न्हाय झालं आक्का. खाली करपलंय, वर कच्चं ऱ्हायलंय."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं, एक घास खाल्ला आणि म्हणाले, "व्हय, वाईच करपलंय." आईही तेच म्हणाली. मग त्या करपलेल्या पातेल्याचा आम्ही तिघांनी फडशा पाडला, खरवडल्याचा आवाज आक्काला जाऊ नये म्हणून बोटांनी पुसून. खोटं बोलायची वेळ होती तेव्हा मी खरं बोलले आणि नंतर हे.

आक्का दसऱ्यापर्यंत होती. तिला वाईट वाटू नये म्हणून मी ते बोलले होते, पण तिला वाईट वाटलं ते न खाल्ल्याचं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "पोरीनं लई मनावर घेऊन पीच केलतं, बिघडलं बिचारीचं. मला वाटलं हुतं, हिला तरी येईल." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात आई असताना तिनं मलाच शिकायला का बसवलं होतं, ते तेव्हा कळलं.

सासरी परत निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या बाजेशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. "आक्का, मी खोटं बोलले. ते चांगलं झालतं. अगदी तुझ्यासारखं झालतं, शपथ."

तिनं चाचपडत माझा हात शोधला आणि वरून थोपटला. "व्हय गं, व्हय," ती म्हणाली. "पुढच्या येळंला आनि चांगलं हुईल."

ती माझीच समजूत घालत होती.